शीण वेगळा, विषाद वेगळा

(धाड, ता. बुलढाणा येथील अखंड हरिनाम सप्ताहातील सहाव्या रात्रीच्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणावरून)



ज्यांच्या मांडीवर लेकरं झोपलीत त्यांनी ती तशीच झोपू द्यावीत. मागं खांबाला टेकून बसलेल्या तरण्या पोरांनी मात्र थोडं पुढं सरकावं, आजचं बोलणं त्यांच्यासाठी जास्त आहे. आणि जे पुढं कधीतरी हे पुस्तकातून वाचतील, दिंडीच्या मुक्कामात राहुटीत बसून म्हणा, घरी देवघरापाशी म्हणा, त्यांनीही जरा जवळ बसल्यासारखं वाचावं. कारण हे बोलणं चार लोकांत करायचं नाही असं आपल्याकडं ठरून गेलेलं आहे, आणि मी ते हजार लोकांत करणार आहे.

गीता कुठं सुरू होते? उपदेशानं सुरू होत नाही. पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. अठरा अध्यायांच्या ग्रंथाचा पहिला अध्याय एका माणसाच्या खचण्याला दिलाय, बरं का. अर्जुन काय सांगतो? अंग गळून गेलं, तोंडाला कोरड पडली, कापरं भरलं, कातडी जळतेय, उभं राहवत नाही, मन गरगरतंय, हातातून गांडीव निसटतंय. एवढं सगळं तो आपल्या तोंडानं सांगतो.

आता मला एक सांगा, अर्जुन थकला होता का?

युद्ध सुरू व्हायचं होतं. सात अक्षौहिणी इकडं, अकरा तिकडं, आणि अजून एक बाण सुटलेला नव्हता. घोडे ताजे, रथ ताजा, धनुष्य तयार. ज्यानं दिवसभर बाण मारलेत त्याच्या हातातून संध्याकाळी धनुष्य निसटलं तर त्याला शीण म्हणावं. त्याला जेवू घाला, झोपू द्या, सकाळी तो पुन्हा धनुष्य उचलेल. पण एकही बाण न मारता ज्याच्या हातून धनुष्य गळतं, त्याला झोप देऊन काय होणार? तो शीण नाही. तो विषाद आहे.

मी काही वैद्य नाही आणि अर्जुनाला रोग होता असंही मी म्हणत नाही. तो ग्रंथाचा अवमान होईल. पण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी आतून किती वेगळ्या असतात, हे ओळखायला मला या पहिल्या अध्यायाचा उपयोग झाला. तोही उशिरा झाला. आळंदीला चार वर्षं काढली, गीता पाठ केली, तीस-पस्तीस वर्षं ती लोकांना सांगितली, आणि तरी हा फरक मला कळला नव्हता. तो न कळल्यामुळं माझ्या हातून काय झालं ते सांगतो. आधी शीण म्हणजे काय ते माझ्याच अंगावरून सांगतो, मग त्या गोष्टीकडं जाऊ.

काही वर्षांपूर्वी चैत्र-वैशाखात मी दिवसाआड कीर्तन करत होतो. कधीकधी रोज. रात्री कीर्तन, पहाटे जीप, दुपारी कुणाच्या तरी ओसरीवर दोन घटका झोप, पुन्हा रात्री कीर्तन. दोन महिन्यांनी असं झालं, की वीणेकरी पुढं उभा राहिला की माझ्या पोटात गोळा यायचा. दृष्टान्त सांगायचो, लोक हसायचे, आणि मी आत कोरडा. टाळकऱ्यांवर खेकसायचो. एका यजमानानं प्रेमानं शाल आणली तर मनात आलं, आता ही घेऊन उभं राहायचं, फोटो काढायचा, कधी सुटका? हे मनात आलं आणि मी घाबरलो. म्हटलं, आपल्यातला भाव गेला.

पण घरी आलो की नातवाला खांद्यावर घेऊन मळ्यात जायचो. आमरस दोन वाट्या जास्तीचा. रेडिओवर भीमसेन लागले की हातातलं काम थांबायचं. म्हणजे भाव गेला नव्हता, कीर्तनाचा वीट आला होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर बघितली, थायरॉइड बघितलं आणि म्हणाले, महाराज, तुम्हाला औषध नको, तारखा कमी करा. आषाढ लागेपर्यंत एकही कीर्तन घेतलं नाही. वारीत नुसता चाललो, तेही मागच्या दिंडीत, टाळ घेऊन. आठ दिवसांत माणूस झालो.

ह्याला हल्ली बर्नआउट म्हणतात. शहरातल्या कंपन्यांत हा शब्द फार चालतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली त्याची व्याख्या ठरवून दिली, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. त्यांनी त्याला रोग म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण वर्षानुवर्षं आवरला गेला नाही की जे होतं ते, असं म्हटलंय. अंगातली शक्ती संपते, कामाबद्दल मनात कडवटपणा येतो, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटायला लागतं. तिन्ही गोष्टी त्या कामाला चिकटलेल्या. काम बाजूला झालं की माणूस उमलतो.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, तुम्हाला तारखा कमी करता येतात, आम्ही काय करावं? खरं आहे. शेतकऱ्यानं रजेचा अर्ज कुणाकडं करायचा? सोयाबीनला कुणी सांगावं की चार दिवस थांब? इकडं धाड, भोकरदन, पिंपळगाव रेणुकाईच्या पट्ट्यात मिरची आहे, ती तर तोडायला आली की आली. आणि घरातल्या बाईला रविवार कुठला? म्हणून शीण रोग नसला तरी त्याला हलकं समजू नका. ओझं उतरलं नाही, वर्षावर वर्षं गेली, त्यात कर्ज, त्यात एक साल बुडालेलं, तर त्याच शिणाच्या वाटेनं विषाद घरात येतो. दोन घरं वेगळी आहेत, पण मधली भिंत कच्ची आहे.

शिणावरचा इलाज उपदेश नाही, बरं का. ओझं वाटून घेणं हा इलाज आहे. सून दोन वर्षांत माहेरी गेली नसेल तर तिला हरिपाठाचं पुस्तक देऊ नका, एस.टी.चं तिकीट काढून द्या.

आता ती गोष्ट. नाव सांगणार नाही, गावही सांगणार नाही. ज्यांची आहे त्यांना विचारून सांगतोय. ते म्हणाले, सांगा महाराज, कुणाच्या तरी कामाला येईल.

आमच्याबरोबर एक टाळकरी होते. पन्नाशीच्या आतले, पाच एकराचे धनी, निर्व्यसनी. आवाज असा की मी चाल लावली की ते वरच्या पट्टीत घेऊन जायचे आणि मी खाली निवांत. एका वर्षी दसऱ्यानंतर ते येईनासे झाले. त्यांच्या घरून ताई आल्या. म्हणाल्या, ‘महाराज, ह्यांचं काही खरं दिसत नाही. पहाटे तीनला उठून बसतात. जेवायला वाढलं की म्हणतात, तोंडाला चवच नाही. काही विचारलं की म्हणतात, माझ्यामुळंच सगळ्यांचं वाटोळं झालं.’ मी विचारलं, कर्ज किती? त्या म्हणाल्या, ‘सगळ्यांचं आहे तेवढंच. औंदा तर कपाशी बरी झाली.’

कपाशी बरी झाली होती, मायबाप. बाण सुटायच्या आधीच गांडीव गळालं होतं. पण माझं लक्ष नव्हतं. मी म्हणालो, कामाचा शीण आहे, थोडी विश्रांती द्या, माघवारीला घेऊन जातो. नेलं. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात माणूस बसून राहिला. मी म्हटलं, चला दर्शनबारीत. ते म्हणाले, ‘काय करू येऊन? मला तिथं उभं राहायचा अधिकार नाही.’ ज्या माणसाला कळस दिसला की रडू यायचं, त्याला रडूसुद्धा येईना. विश्रांती देऊन झाली, वारी करून झाली, फरक काडीचा नाही. तिथं मला कळायला पाहिजे होतं.

नाही कळलं. परत आल्यावर एका सप्ताहात, ते समोर बसलेले असताना, मी आळसावर बोललो. नरदेह मिळूनही जो हातपाय गाळून बसतो त्याच्यासारखा करंटा नाही, अशा अर्थाचं. नाव घेतलं नाही, पण माझी नजर कुठं होती ते सगळ्या गावानं पाहिलं. वर आणखी म्हणालो, भोग आहेत, भोगूनच संपवायचे. टाळ्या पडल्या. चार दिवसांनी पहाटे त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला.

वाचले. पोरीला वेळेवर जाग आली म्हणून वाचले. माझ्या पुण्याईनं नाही.

दवाखान्यात गेलो तेव्हा तिथल्या मानसोपचार डॉक्टर मॅडमनं मला बाहेर बसवून अर्धा तास सांगितलं. माझ्या लेकीच्या वयाच्या होत्या. मी त्या बाकावर शिष्य होऊन बसलो. त्या म्हणाल्या, बाबा, मी एवढंच बघते: माणूस कामाला कंटाळलाय की जगण्यालाच. ज्याला शीण आहे त्याला काम नको असतं, पण नातू हवा असतो, आमरस हवा असतो. ज्याला डिप्रेशन आहे त्याला काहीच नको असतं, आणि जे आधी सगळ्यात जास्त हवं होतं ते सगळ्यात आधी जातं. शिणलेला माणूस अंथरुणाला पाठ टेकली की झोपतो. ह्याची झोप पहाटे दोन-तीनला मोडते आणि तीच वेळ सगळ्यात वाईट असते. काहींचं उलटंही होतं, झोपूनच राहतात. शिणलेला माणूस चिडतो दुसऱ्यावर, मालकावर, व्यापाऱ्यावर. हा चिडतो स्वतःवर, मी पापी, मी भार. भूक जाते, मन कशात लागत नाही, साधा निर्णय घेता येत नाही, बोलणं-चालणं मंद होतं. यातलं बरंचसं रोज, दिवसभर, दोन आठवडे सलग राहिलं, तर वाट बघायची नाही.

आणि आमच्या बायाबापड्यांचं त्यांनी वेगळं सांगितलं. बाई कधी म्हणत नाही की मी उदास आहे. ती म्हणते डोकं धरलंय, कंबर गेली, छातीत धडधडतंय, टेन्शन आलंय. सलाईन लावून घेते, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. बाळंतपणानंतर तर पोर हातात असून आईला रडू येतं आणि घर म्हणतं, काय ही नाटकं. ती नाटकं नसतात, मायबाप.

मी विचारलं, मॅडम, नामस्मरणानं बरं नाही होणार? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘त्यांना चार ओळी लक्षात ठेवता येत नाहीयेत, नाम कसं घेतील? आधी औषधानं मन थाऱ्यावर येऊ द्या, मग नाम तेच घेतील.’ मला अर्जुन आठवला.

नीट बघा. देवानं सुद्धा आधी रागावून पाहिलं. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत अर्जुनाला नामर्दपणा म्हणतात, हे तुला शोभत नाही म्हणतात, ऊठ म्हणतात. काय झालं? अर्जुन उठला का? नाही. मी लढणार नाही म्हणाला आणि गप्प बसला. प्रत्यक्ष भगवंताच्या रागावण्यानं विषाद गेला नाही, तिथं माझ्या रागावण्यानं कुणाचा जाणार होता? मग देवानं काय केलं? रागावणं सोडलं, प्रसन्न मुखानं त्याच्याकडं बघितलं आणि बोलायला बसले. रथ सोडून गेले नाहीत. अर्जुनानं तेच तेच फिरून विचारलं तरी कंटाळले नाहीत. आणि अठराव्याच्या शेवटी उलट विचारलं, ऐकलंस ना नीट? गेला का तुझा मोह? एवढं सांगून झाल्यावरही विचारायला विसरले नाहीत. हा श्लोक मी शेकड्यांनी वेळा म्हटला असेन, पण विचारायचं असतं हे मला दवाखान्याच्या बाकावर समजलं.

औषधाबद्दल गावात दोन गैरसमज आहेत. एक, ह्या झोपेच्या गोळ्या आहेत आणि त्यांची सवय लागते. डिप्रेशनची औषधं झोपेच्या गोळ्या नव्हेत. दुसरं, दहा दिवस घेतल्या, फरक नाही, म्हणून सोडून देतात. त्या औषधाला गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. पेरलं आणि आठव्या दिवशी उकरून बघितलं, असं कुणी करतं का? काहींना गोळी लागतही नाही, कुणीतरी शिकलेल्या माणसानं नीट बसून बोललं की पुरतं. ते ठरवणं त्यांचं काम. कधी रक्त कमी असतं, कधी थायरॉइड असतं, आणि माणूस तसाच मलूल दिसतो. म्हणून आधी तपासणी.

आपला बुलढाणा जिल्हा २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भासाठी पॅकेज दिलं त्या सहा जिल्ह्यांत होता. कशासाठी ते तुम्हाला मी सांगायला नको, या मंडपात त्या घरची माणसं बसली असतील. कर्जाचं, भावाचं, पाण्याचं बोलणं झालं, व्हायलाच पाहिजे, ते अजून अपुरंच आहे. मनाचं बोलणं मात्र राहून गेलं. २०१५ पासून शासनानं प्रेरणा प्रकल्प आणला, विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी, त्यात आपणही आहोत. आशाताई घरोघर विचारतात आणि ज्याला गरज आहे त्याला जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचवतात. त्या दारात आल्या की आपण काय म्हणतो? आमच्याकडं तसलं काही नाही. पुढच्या खेपेला त्यांना बसायला पाट द्या.

अमरावती जिल्ह्यात ३० गावांत एक प्रयोग झाला. नाव काय, तर विश्राम. मला नावाची गंमत वाटली, कारण नुसत्या विश्रामानं जे जात नाही त्याच्यासाठीच तो होता. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवलं. त्याचा हिशेब २०१७ साली मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आला. आधी डिप्रेशन असलेल्या शंभरांतले चार-पाच जण उपचाराला जात होते, दीड वर्षात सत्तावीस जायला लागले. त्र्याहत्तर राहिलेच, हेही बघा. पण गावातल्या माणसानं दार वाजवलं तर दार उघडतं, एवढं त्यातून दिसतं.

रात्री-अपरात्री वाटलं तर १४४१६ हा नंबर आहे. टेली-मानस म्हणतात त्याला, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास, आणि मराठीत बोलतात. तरण्या पोरांनो, हा नंबर आत्ता मोबाईलमध्ये घाला, मी थांबतो.

घातला? बरं.

घरच्यांनी काय करायचं? विचारायचं. सरळ विचारायचं, जीव द्यायचं मनात येतं का? लोक घाबरतात, विचारलं तर नसलेलं डोक्यात येईल म्हणतात. तसं होत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना. आणि फवारणीचं औषध खाटेखाली, कोपऱ्यात ठेवायची आपली रीत आज बंद करा. घराबाहेर, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं.

कुणी म्हणेल, तुकोबासुद्धा दुष्काळात सगळं गेल्यावर डोंगरावर जाऊन बसले, त्यांना कुठं डॉक्टर होता? असं म्हणणारे मला प्रत्येक गावात भेटतात. त्यांना मी विचारतो, भाकरी कोण घेऊन जात होतं? भंडाऱ्याचा डोंगर चढून, पायात काटा मोडला तरी जिजाई जात होती. तोंडानं बडबडायची, पण भाकरी चुकवली नाही. आपण कीर्तनकारांनी त्या माउलीला फार कजाग रंगवलं. मीही रंगवलं. आता रंगवत नाही.

ते टाळकरी आज इथं बसलेत की नाही ते मी सांगणार नाही, माना वळवू नका. दीड वर्ष औषध चाललं, मध्ये एकदा पुन्हा खाली गेले, डॉक्टरांनी गोळी बदलली, पुन्हा वर आले. मी त्यांच्या घरी जाऊन पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, ‘महाराज, तुम्हाला तरी कुठं माहीत होतं.’ ताई काही बोलल्या नाहीत. त्यांचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मी म्हणत नाही.

मागच्या कार्तिकात मात्र त्यांनी मला चुलीपाशी बोलावलं आणि हळूच सांगितलं, ‘काल भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून हे कुरकुरले, महाराज. ताट सरकवलं. मी आतल्या खोलीत जाऊन आनंदानं रडले.’